नवऱ्याची सही आणि सासूचा फॉर्म

सर्वेचा रिपोर्ट कसा असतो, तर जाडजूड. तक्ते, आलेख, शेवटी शिफारशी. पण जे खरं घडलेलं असतं ना, ते त्यात मावतच नाही! ते साठत जातं आमच्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्यांकडं, माळ्यावर रचलेल्या गोधड्यांसारखं. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात.

परवा उदगीरला सिस्टरच्या नातवाचं बारसं होतं, तिथं हेच झालं. पाळणा राहिला बाजूला आणि आम्ही चौघं एका कोपऱ्यात जुन्या गोधड्या ओढत बसलो. सिस्टरची सून दोनदा येऊन म्हणाली, "आत्या, चला की, बाळाचं नाव ठेवायचंय." सिस्टर म्हणाली, "ठेवा की मग! मला काय इचारता?"

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगते. मॅडम आमच्या प्रमुख. पुण्याच्या, डॉक्टर, बोलणं एकदम स्वच्छ आणि चपला एकदम पातळ. सिस्टर म्हणजे मंगलबाई, उदगीरची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी झाली आणि रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून आमच्यात आली. रशीदभाई नांदेडचे, जीपचे ड्रायव्हर. आणि मी सुरेखा, अहमदपूरची, बी.ए. करून घरी बसलेली. प्रश्न विचारायचं काम माझं.

विषयही सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. लातूर आणि नांदेडकडच्या बायकांना गर्भपाताची सेवा नीट मिळते का, आणि नसेल मिळत तर गाडी कुठं अडते, हे आम्हाला शोधायचं होतं. कायद्यानं ठरावीक कारणांसाठी, ठरावीक आठवड्यांपर्यंत परवानगी आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पण दवाखान्यांतल्या फॉर्मवर एक ओळ हमखास भेटायची, 'नवऱ्याची सही'. कायद्यात नसलेली ओळ फॉर्मवर आली कुठून, देव जाणे! मॅडमच्या डोक्यात एकच होतं. रिपोर्ट असा करायचा की ती ओळ पुसली गेली पाहिजे.

* * *

प्रश्नावली मॅडमनी पुण्यात बसून केली होती. पहिलं गाव अहमदपूरजवळचं. पहिलीच बाई अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी नवीन. कागदात बघून जसंच्या तसं वाचलं, "आपल्या परिसरात आपल्याला सुरक्षित गर्भपाताची सेवा सहज उपलब्ध आहे का?"

बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न्हाई बाई. ते हितं न्हाई मिळत. अहमदपूरला बघा, न्हाई तर लातूरला मिळंल."

मॅडम खूश! पण शंका आली म्हणून विचारलं, "ताई, प्रश्न कळला ना तुम्हाला?"

"न्हाई कळला. पर हितं काईच मिळत न्हाई, तवा तेबी मिळत नसंल."

मला हसू आवरेना. मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या, "सुरेखा, आपण वर्षभर फिरून शेवटी हेच लिहिणार आहोत!"

मग सिस्टर पुढं सरकली. सूप बाजूला ठेवायला लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, दिवस गेले आन् ठिवायचं नसलं, तर तुमी बाया कुठं जाता?"

 बाईनं दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "सासूबाई मंदिराला गेल्यात. त्या यायच्या आत इचारा काय इचारायचं ते." त्याच जागेवर मॅडमनी पुण्याची प्रश्नावली निम्मी खोडली.

* * *

सासू! आमच्या सगळ्या कामाची मेख ती होती. नियम असा की मुलाखत एकटीची घ्यायची, जवळ कोणी नको. आता खेड्यातल्या घरात सुनेला एकटं गाठून दाखवा बरं! आम्ही दारात पाय ठेवला की सासू आधी येऊन मधोमध बसायची. "इचारा. तिला काय कळतंय, मी सांगते."

चार-पाच गावं अशी वाया गेली. मॅडम रडकुंडीला आल्या.  दुसऱ्या दिवशी सिस्टर लातूरहून येताना झेरॉक्सचा एक गठ्ठा घेऊन आली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'घरातल्या ज्येष्ठ महिलेची माहिती'.

प्रश्न चारच. गुडघे दुखतात का, आणि उजवा जास्त की डावा? दात किती राहिलेत? तरुणपणी एका बैठकीत किती भाकरी थापत होता? आणि चौथा, सून तेवढ्या थापते का?

झालं! सिस्टर सासूला घेऊन ओसरीवर बसायची, मी सुनेला घेऊन आत. पहिले तीन प्रश्न पटापट उरकायचे. चौथ्याला कमीत कमी अर्धा तास लागायचा. तेवढ्यात माझी मुलाखत पूर्ण!

सिस्टर थापा मारण्यात एक नंबर. एका सासूनं विचारलं, "हे कागद कुठं जातेत?" तर ही म्हणते, "दिल्लीला." दुसऱ्या गावात म्हणाली, "मुंबईला, मंत्रालयात, खास सासूंचं खातं निघालंय." तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही हो!

पण गावात बातमी वाऱ्यावर जाते. पुढच्या आठवड्यात कंधारकडच्या एका गावात जीप शिरली तर मारुतीच्या पारावर पंधरा-वीस म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या. "सासूचा फॉर्म भरणारी बाई आली का?" एकीनं तर कवळी काढून हातात धरली होती, मोजायला सोपं जावं म्हणून!

* * *

त्या फॉर्मांचं पुढं काय करायचं, हे आम्ही कोणी ठरवलंच नव्हतं. ते जीपमध्ये मागच्या सीटखाली पडायचे. आणि एकदा माझ्याच हातून घोळ झाला. पुण्याला पाठवायच्या पार्सलमध्ये सुनांचे फॉर्म भरताना सासूंचाही गठ्ठा गेला.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून मॅडमचा फोन; सासूच्या फॉर्मवरचे प्रश्न त्यांनी तोवर वाचलेच नव्हते. "सुरेखा, हे 'सून तेवढ्या थापते का' काय प्रकार आहे?"

 मी म्हणाले, "मॅडम, चुकून आलं ते. टाकून द्या."

"मागची पानं वाचलीस का तू?"

मागची पानं? मला काय माहीत! म्हाताऱ्या चौथा प्रश्न झाला तरी उठायच्या नाहीत. सिस्टर नर्स आहे हे कळलं की बोलायला लागायच्या, आणि सिस्टर कागद उलटा करून मागं लिहीत जायची. मॅडमनी एक मला फोनवर वाचून दाखवलं. "आमच्या येळंला दवाखाना न्हाई, डाक्टरीन न्हाई. माझी धाकटी जाऊ आन् मी, दोघी एकाच बाईकडं गेलतो. मी माघारी आले."

त्यांनी तेच पान पुन्हा एकदा वाचलं.  

मग मॅडम म्हणाल्या, "ही पानं रिपोर्टात घ्यायची आहेत. पण संमती न घेता लिहिलेलं मी वापरणार नाही. परत जा. प्रत्येकीला विचारा."

परत जा म्हणे! दोन जिल्ह्यांतली गावं, तेवढ्या सासू, आणि मे महिन्याचं ऊन. रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. सिस्टरला मी जीपमध्ये वाट्टेल ते बोलले. ती खिडकीतून बाहेर बघत शेंगदाणे खात होती. "झालं का तुझं? मग पाणी दे."

गेलो. ती जावेची गोष्ट सांगणारी आजी देगलूरकडची निघाली. तिला मी वाचून दाखवलं, समजावलं, की नाव कुठं येणार नाही, नको असेल तर हे पान आत्ता तुमच्यासमोर फाडते. आजीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आगं माय! तवा कोनी इचारलं न्हाई, मेली का जगली. आन् आता तू सांगू का म्हनून इचारून राहिलीस?"

मी शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा लावला. मग दुसरीकडं लावला. मग तिसरीकडं. मी म्हणाले, "आजी, एका जागी पुरे."

"लावू दे की. एवढा मान कोन देतंय!"

* * *

रशीदभाईंना आमचा एकच हुकूम होता, सर्वे कशाचा ते बाहेर सांगायचं नाही. आता आम्ही घरोघर, आणि हा माणूस चहाच्या हॉटेलात एकटा, भोवती गावातले सगळे पुरुष. "कशाचा सर्वे हाय? काय मिळनार हाय?" बिचारा किती वेळ गप्प बसेल?

मुखेडकडच्या एका गावात आम्ही काम उरकून बाहेर आलो तर जीपला पन्नास माणसांचा वेढा! सरपंच पुढं, हातात अर्ज. मला वाटलं, संपलं, विषय फुटला, आज मार खातो आपण.

सरपंच मॅडमना हात जोडून म्हणाले, "मॅडम, पंचनामा कवा करता? हुलग्याचं सगळं पीक खाऊन टाकलं वो!"

"कोणी?"

"कोणी म्हंजे? रानडुकरांनी! त्याचाच सर्वे हाय ना?"

मॅडमनी रशीदभाईंकडं बघितलं. रशीदभाई आरशाकडं बघत होते. पुढं दोन मैल गेल्यावर म्हणाले, "मैं क्या करता मॅडम? औरतां का मामला है बोले तो सब मर्द घर में घुसके बैठते. डुक्कर बोला तो सब बाहर रहते!"

आणि खरंच! त्या गावात एकही मुलाखत मोडली नव्हती. मॅडमनी तो अर्ज मात्र इमानेइतबारे तालुक्याच्या वन खात्यात नेऊन दिला. पुढं त्या लोकांना भरपाई मिळाली म्हणे. आमच्या संशोधनाचा सरकारी धोरणावर झालेला पहिला परिणाम तो, डुकरांचा!

* * *

डॉक्टरांचीही मुलाखत घ्यायची होती. त्यांची भीती वेगळी. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, हे बोर्ड सगळीकडं लागले, ते चांगलंच झालं. पण त्या धाकात लोक गर्भपातसुद्धा सगळाच बेकायदा समजून बसले. आणि पांढरी जीप दवाखान्यासमोर थांबली की ती रेडच!

एका बाजाराच्या गावात आम्ही उतरलो तर खुर्ची रिकामी, टेबलावर स्टेथोस्कोप पडलेला, आणि बाकावर सात पेशंट. कंपाउंडर म्हणाला, "डाक्टरसाहेब गावाला गेलेत." मॅडम म्हणाल्या, "थांबतो."

अर्धा तास गेला. बाकावर शेवटी एक गृहस्थ डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली मान घालून बसलेले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिशचे बूट. मॅडमना दया आली. जवळ जाऊन विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"चक्कर येऊन राहिली."

"कधीपासून?"

"तुमची जीप आल्यापासून!"

बाकीच्या सहाही पेशंटांना हसू फुटलं. मग डॉक्टरांनी टॉवेल काढला, आम्हाला चहा पाजला आणि जी मुलाखत दिली ती सगळ्या रिपोर्टात एक नंबरची. मी विचारलं, "नवऱ्याची सही का घेता?" तर म्हणाले, "माझ्या आधीचे घेत होते." आधीच्यांना कोणी सांगितलं? "त्यांच्या आधीचे घेत होते." सगळ्या मराठवाड्यात ह्या प्रश्नाला आम्हाला दुसरं उत्तर मिळालं नाही.

* * *

आता ही एक. ही सांगताना आम्ही आधी हसतो.

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावची बाई. दोन मुली, धाकटी अंगावर पिणारी, आणि पुन्हा दिवस राहिलेले. नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात. ही दवाखान्यात गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, "नवऱ्याची सही आना." ती नवऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेली. चालत नाही. लग्नाचा फोटो घेऊन गेली. चालत नाही. तिसऱ्या खेपेला चुलत दिराचा मोठा मोबाईल मागून नेला आणि खिडकीतच व्हिडिओ कॉल लावला.

नवरा उसाच्या फडात, हातात कोयता, तोंडावर काजळी. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "तुमची परवानगी हाय का?"

"हाय की."

"सही पाहिजे."

"मला सही येत न्हाई. अंगठा लावतो."

"लावा."

आणि त्यानं अंगठा कॅमेऱ्यासमोर असा धरला की सगळा मोबाईल अंगठ्यानं भरला! "घ्या! दिसून राहिला का? लावून घ्या!"

खिडकीतला माणूस म्हणाला, "काचेला शाई लावू का काय?"

ती सांगताना पदर तोंडावर धरून हसत होती. मीही हसले, फॉर्मवर रेघ वाकडी गेली. मग मी विचारलं, "पुढं?"

पुढं असं की ह्या खेपांमध्ये दिवस वाढले. मग ती कोणीतरी सांगितलेल्या एका बाईकडं गेली. तिथून तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली, पण लई रक्त गेलं. नवरा आगाऊ पैशाची उचल घेतलेली असूनही टोळी तशीच टाकून धावत आला.

"सही केली त्यानं, बाई," ती म्हणाली. "केली की. अंगठ्यानं, दवाखान्यातून घरी सोडायच्या कागदावर."

तिला आमच्या कागदात नाव नव्हतं, नांदेडची चौदावी एवढीच खूण. एन-चौदा. निघताना तिनं माझा हात धरला. "माझं नाव कुठंच येऊ दिऊ नका. पोरींची लग्नं व्हायचीत. पर ती सही तेवढी काढून टाका."

"काढतो," मी म्हणाले. ना मला अधिकार, ना पद, बी.ए. पास, आणि म्हणून बसले! तिचा नंबर मी मोबाईलमध्ये एन-चौदा म्हणूनच ठेवला.   त्या दिवशी कंधारच्या वाटेवर नेहमीचं चिंचेचं झाड आलं तसं रशीदभाईंनी गाडी थांबवून डबे काढले.

त्या चिंचेखाली किती वेळा जेवलो असू आम्ही! सिस्टरची कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रशीदभाईंच्या घरची खट्टी दाळ, आणि मॅडमचं पुण्याहून आणलेलं, संपता न संपणारं लिंबाचं गोड लोणचं. पहिल्या महिन्यात मॅडम ठेच्याला हात लावत नव्हत्या. सहाव्या महिन्यात सिस्टरच्या डब्यातला चोरायला लागल्या. खरं सांगते, तशी भूक मला पुन्हा कधी लागली नाही. आता ऑफिसात पंखा आहे, टेबल आहे, डबाही गरम करून मिळतो. पण ती चिंच नाही.

* * *

रिपोर्ट झाल्यावर लातूरला डॉक्टर मंडळींसमोर तो वाचायचा होता. मॅडमनी सही नको हे मुद्देसूद मांडलं. एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. "मॅडम, तुमचं पुण्यात ठीक आहे. इथं सही नाही घेतली आणि उद्या नवरा माणसं घेऊन आला, काचा फोडल्या, तर?"

मागच्या रांगेतून सिस्टर बोलली, "सर, गड्याचं हर्नियाचं ऑपरेशन करताना बायकोची सही घेता का वो?"

"नाही."

"तिनं माणसं आनली, काचा फोडल्या तर?"

डॉक्टर हसले, सगळे हसले. "सिस्टर, बायको कशाला येईल भांडायला?"

"बरं," सिस्टर म्हणाली, "म्हंजी सही कायद्याची न्हाई, काचंची हाय." आणि खाली बसली. मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

* * *

आणि आता ती मीटिंग. बारशाला आम्ही सगळ्यात शेवटी तिच्यावर आलो, कारण तिच्यानंतर दुसरं काही सांगता येत नाही.

ज्यांच्या सहीनं सगळ्या दवाखान्यांना परिपत्रक जाणार होतं, ते आरोग्य खात्याचे मोठे साहेब. लातुरातच, त्यांच्या ऑफिसात. माणूस वाईट नव्हता. रिपोर्ट वाचून आलेला, पानोपानी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. आम्ही तिघी एका बाजूला, साहेब आणि त्यांचे दोन अधिकारी दुसऱ्या बाजूला. मध्ये तो फॉर्म, आणि त्यावर ती ओळ.

साहेब म्हणाले, "मॅडम, मला पटतंय हो. पण खालचे लोक म्हणतात, आमच्याकडं कोणाला परत पाठवतच नाहीत. उद्या मला वरून विचारलं की कुठली बाई, तर मी काय दाखवू? एन-चौदा? मला एक बाई दाखवा. नाव, गाव, अशी समोर बसलेली. आजच्या आज सही करतो."

मॅडम म्हणाल्या, "नावं सांगणार नाही, असं आम्ही त्यांना लिहून दिलंय, सर."

"मग अवघड आहे."

माझा हात पर्समध्ये मोबाईलवर होता. एक फोन केला असता तर ती आली असती, मला खात्री होती. पोरींची लग्नं विसरून आली असती. संध्याकाळपर्यंत ती ओळ गेली असती. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान हलवली, नाही. त्यांचे डोळे भरलेले होते, माझेही. वर्षभराची वणवण, त्या सगळ्या बाया, आणि समोर साहेब फाइलीची नाडी बांधायला लागलेले.

तेवढ्यात सिस्टरची खुर्ची वाजली. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली.

"साहेब, नाडी बांधू नका. मी हाय की."

"तुम्ही काय?"

"बाई."

 सिस्टर म्हणाली, "लिहून घ्या. नाव मंगल. राहणार उदगीर. धाकटा पोरगा आठ महिन्यांचा व्हता, आमचे मालक दुकानाचा माल आनायला हैदराबादला गेलेले. सही मागितली. मी जिथं ड्युटी करत व्हते त्याच दवाखान्यात. मी माझ्या हातानं कपाटातून काढून दिलेल्या फॉर्मवर."

साहेबांचा आवाज उतरला. "मग? पुढं काय केलंत?"

"सांगते की. कितवा महिना, कुनाकडं गेले, काय काय झालं, सगळं सांगते. पर आधी ते दार उघडा. बाहेर शिपाई हाय, क्लार्क हाय, पानी देनारा हाय, भेटायला आलेले लोक बसलेत. सगळ्यांना आत घ्या. आमाला तसंच इचारतेत, साहेब, सगळ्यांसमोर, खिडकीत उभं करून. मग इचारा."

दार उघडायला कोणी उठलं नाही. साहेबांच्या बाजूचा अधिकारी टेबलाकडं बघत होता. साहेबांनी नाडी सोडली. फॉर्म बाहेर काढला, ड्रॉवरमधून पट्टी घेतली, ती ओळीवर ठेवली आणि लाल पेननं एकदम सरळ रेघ मारली. खाली सही केली, तारीख घातली. सिस्टर अजून उभीच होती. साहेब म्हणाले, "बसा, सिस्टर." ती म्हणाली, "न्हाई, निघतोच आता."

परिपत्रक निघालं. त्या संध्याकाळी मी एन-चौदाला फोन केला आणि सांगितलं. ती नुसती "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिली. पण मला आठवतो तो जिना. सिस्टर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, मॅडमनी तिचा दंड धरलेला, आणि मी मागं पर्स छातीशी धरून. एवढे महिने एका जीपमध्ये बसलो, एका डब्यात जेवलो, आणि आम्हा दोघींपैकी कोणालाच हे माहीत नव्हतं. 

खाली रशीदभाईंनी गाडी चालूच ठेवली होती. काचेतून मान बाहेर काढून म्हणाले, "क्या हुआ अंदर? काम हुआ क्या?"

सिस्टर आपल्या खिडकीच्या सीटवर बसली, पदर नीट केला, दार ओढून घेतलं.

"काय न्हाई वो. साहेबांला एक बाई बघायची व्हती. दाखवली. चला."